ग्वाल्हेरच्या थंडीत सकाळी गाडी उभ्या-उभ्या गरम करावी का?

मृण्मयी_लष्कर | ९ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न गाडीचा आहे, पण त्यावरून आमच्या घरात रोज सकाळी दोन पक्ष पडतात, म्हणून इथे मांडते.

आम्ही जिवाजीगंजात राहतो. गाडी पेट्रोल हॅचबॅक, बीएस-६ (म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची), मेळ्यात घेतलेली. माझी नोकरी मालनपूरला, त्यामुळे पावणेसातला निघावंच लागतं. सध्या पारा चार-पाच अंशांवर असतो आणि समोरच्या घराचा दरवाजा दिसत नाही इतकं धुकं. बाबा माझ्या आधी खाली जातात, गाडी सुरू करतात आणि दहा मिनिटं तशीच चालू ठेवतात. मधूनमधून रेस देतात. त्यांचं म्हणणं, "ऑइल तुपासारखं थिजलेलं असतं, ते पातळ झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही." त्यांनी आयुष्यभर गाड्या जपून वापरल्या आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द मी हलक्यात घेत नाही.

अडचण अशी की गल्ली अरुंद आहे. सायलेन्सरच्या अगदी वर शेजारच्या काकूंची खिडकी आहे आणि काकूंना दमा आहे. परवा त्यांनी आईला सांगितलं की सकाळी धुराने जीव घाबरतो.

तर आजच्या गाडीला या दहा मिनिटांची खरंच गरज आहे का? नसेल तर का नाही, हे बाबांना पटेल असं कुणी समजावून सांगेल का?

कंपूवाला | ९:२२

गरज आहे. आमच्याकडे आजोबांपासून हेच चालत आलंय आणि एकही इंजिन खोलावं लागलेलं नाही.

सबुरी | ९:३१

गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडा. बहुतेक पुस्तिकांमध्ये सुरू करून लगेच पण हळू चालवा असंच लिहिलेलं असतं.

जुना_फियाटवाला | १०:०५

मृण्मयी, तुझ्या बाबांच्या बाजूने दोन शब्द लिहितो, कारण ही सवय कुठून आली ते आजच्या मुलांना माहीत नसतं.

आमच्या पद्मिनीला आणि त्यानंतरच्या मारुती ८०० ला कार्ब्युरेटर होता, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. कार्ब्युरेटरला बाहेर किती थंडी आहे ते कळत नाही. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते इंजिनात मिश्रण नेणाऱ्या गार नळीच्या (मॅनिफोल्डच्या) भिंतींवर थेंबाथेंबाने साचतं आणि सिलिंडरपर्यंत पोचतं ते मिश्रण फार पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं असतं. म्हणून डॅशबोर्डवरचा चोक ओढायचा. चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप. हवा कमी झाली की पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि इंजिन पेटतं. मग कान देऊन ऐकायचं आणि इंजिन तापेल तसा चोक थोडा थोडा आत ढकलायचा. घाई केली की बाड्यावरच्या चौकात गाडी बंद पडणार, मागे टांगेवाले ओरडणार.

नया बाजारातून निघताना या कामात पाच-सात मिनिटं सहज जायची. त्याशिवाय गाडी चालायचीच नाही. तेव्हा तुझे बाबा करतात त्याला अडाणीपणा म्हणू नकोस. ते शिकूनच आलेलं आहे.

मृण्मयी_लष्कर | १०:१२

काका, अडाणीपणा कधीच म्हणणार नाही. बाबांकडेही ८०० होती. तुमचा प्रतिसाद त्यांना आत्ताच वाचून दाखवला, फार खूश झाले.

तेलकट_हात | ११:४०

मी वर्कशॉपमध्ये काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, आधी सरळ उत्तर. सेल्फ मारा, पट्टा लावा, आरसे बघा. तेवढ्यात अर्धा मिनिट होतो. निघा. पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने चालवा, पेट्रोल गाडी असेल तर आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) दोन-अडीच हजारांच्या वर नेऊ नका.

आता कारणं. फियाटवाले काकांनी कार्ब्युरेटरचं लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर आहे, आणि म्हणूनच ते तुमच्या गाडीला लागू नाही. दिल्ली परिसरात १९९९-२००० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने प्रदूषणाचे युरो नियम आले, त्या सुमारास ८०० सुद्धा इंजेक्शनवर (पेट्रोल मोजून फवारण्यावर) गेली. इंजेक्शनच्या गाडीत कुलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान मोजणारा सेन्सर असतो. इंजिन गार आहे हे ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) त्यावरून कळतं आणि तो पेट्रोल वाढवतो, आरपीएम बाराशे-तेराशेपर्यंत चढवतो आणि इंजिन तापेल तसं दोन्ही कमी करतो. चोक ओढण्याचं आणि ढकलण्याचं जे काम काका कानाने करत होते ते आता यंत्र करतं, आणि गाडी चालत असतानाही करतं. त्यासाठी ती उभी राहायला नको.

बाबांचा तुपाचा मुद्दा. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. ५डब्ल्यू ऑइल उणे ३५ अंशांवरसुद्धा पंपाने ओढलं जायला हवं, अशी त्याची चाचणी असते. १५डब्ल्यूसाठी हाच आकडा उणे २५, आणि जुन्या गाड्यांत पडायचं त्या २०डब्ल्यूसाठी उणे २०. आपल्याकडे फार झालं तर पारा दोन-तीन अंशांवर येतो. त्या थंडीत ऑइल घट्ट असतं हे खरं, पण ते वाहतं. सेल्फ मारल्यावर ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझतो, म्हणजे प्रेशर तयार झालं.

आता उभ्या गाडीत नुकसान काय होतं ते. गार इंजिनात मुद्दाम सोडलेलं जास्तीचं पेट्रोल पूर्ण जळत नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं, जाताना तिथला ऑइलचा थर धुऊन नेतं आणि चेंबरमधल्या (इंजिनच्या तळाच्या) ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल त्याने पातळ होतं, पण ते पातळपण वंगणाच्या कामाचं नाही. इंजिन जितक्या लवकर तापेल तितकी ही अवस्था लवकर संपते. उभ्या गाडीत इंजिनवर ओझंच नसतं, त्यामुळे ते फार सावकाश तापतं. तेच इंजिन हळू चालवत नेलं तर फूलबागेच्या पुढे जाईपर्यंत तापमानाचा काटा हलायला लागतो.

शिवाय गाडी म्हणजे एकटं इंजिन नव्हे. गिअरबॉक्सचं ऑइल, चाकांची बेअरिंग, शॉक अॅब्जॉर्बर, टायर हे सगळं उभ्या गाडीत गारच राहतं. ते चालल्यावरच सैल होतं.

एक विनंती बाबांना अवश्य सांगा: गार इंजिनला रेस देऊ नका. दहा मिनिटं नुसती उभी ठेवण्यापेक्षाही ते वाईट.

कंपूवाला | ११:५८

सगळी झीज सुरुवातीच्या मिनिटांतच होते असं तुम्हीच लोक सांगता. मग त्या मिनिटांत इंजिनवर ओझं टाकायचं?

तेलकट_हात | १० जानेवारी, सकाळी ७:४५

दादा, प्रश्न रास्त आहे. गार अवस्थेत झीज जास्त होते, म्हणूनच ती अवस्था छोटी करायची. उभं ठेवून ती लांबते. ओझं टाकायचं म्हणजे गाडी दामटायची असं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश न्यायची. गार इंजिनवर लगेच हायवेला शंभरचा वेग धरणारा माणूस आणि दहा मिनिटं उभं ठेवणारा माणूस यांत मी दुसऱ्याला बरा म्हणेन. पण तिसरा मार्ग दोघांपेक्षा चांगला आहे.

पेशव्यांची_पेठ | ८:०२

पुण्यात हा प्रश्न कुणाला पडत नाही. तुमच्याकडे खरंच इतकी थंडी असते?

थाटीपूरची_सून | ८:२०

अहो, मी सातारची. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्या जानेवारीत मला वाटलं होतं सूर्य मावळलाच कायमचा. इथे दिवसचे दिवस ऊन पडत नाही, दुपारी बारालासुद्धा दिवे लावून गाड्या चालतात. उन्हाळ्यात हाच पारा पंचेचाळीसच्या वर जातो. एका गावात दोन टोकं. एकदा तानसेन समारोहाला या, डिसेंबरच्या रात्री उघड्यावर बसून गाणं ऐका, म्हणजे थंडी आणि गाणं दोन्ही हाडात मुरतं.

धुकं_४४ | ८:५०

मी रोज मुरैनाला जातो, आग्र्याच्या रस्त्याने. इंजिनचं वर आलंच आहे. माझ्या मते या दिवसांत सकाळी थांबायचं खरं कारण काच आहे. इंजिन अर्ध्या मिनिटात निघायला तयार असतं, पण समोरची काच आतून धुरकट असेल तर निघणं म्हणजे डोळे बांधून चालवणं. लोक हाताने काचेत वाटीएवढं भोक पाडतात आणि त्यातून बघत निघतात. हे पाहिलं की माझा जीव वरखाली होतो.

काच साफ करायची पद्धत: हवेची दिशा समोरच्या काचेवर, ब्लोअर वाढवा, एसी चालू, तापमानाचा खटका गरमकडे. हिवाळ्यात एसी कशाला असं लोक विचारतात. एसी हवेतला दमटपणा काढून घेतो, काच कोरडी होते ती त्यामुळे. आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद ठेवा, नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ गाडीत कोंडते. बाहेरचं दव वायपरने किंवा कपड्याने पुसा. काचेवर गरम पाणी ओतू नका, गार काच तडकते.

काचेला दोन मिनिटं लागली तर दोन मिनिटं थांबा, तीन लागली तर तीन. धुक्यात दिवे खाली ठेवा, वर केले की समोर पांढरी भिंत उभी राहते. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला वाटतं गाडी उभी आहे, आणि तुम्ही वळणार आहात हे त्याला कळतच नाही.

तेलकट_हात | ९:०५

धुकं_४४ यांना पूर्ण अनुमोदन. काचेसाठी थांबा, इंजिनसाठी नको.

सिगडी_नको | ९:४०

मी डॉक्टर आहे, म्हणून गाडीपेक्षा माणसांविषयी लिहिते.

ताई, काकूंची तक्रार गंभीरपणे घ्या. गाडीच्या धुरातले विषारी वायू कमी करण्याचं काम सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो, पण तो साधारण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्यावरच नीट काम करू लागतो. म्हणजे गार गाडी सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटं सगळ्यात घाण धुराची, आणि उभ्या गाडीत तो कन्व्हर्टर तापायलाही जास्त वेळ लागतो. त्यातून हिवाळ्याच्या पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर चढत नाही. अरुंद गल्लीत तो थेट खिडकीत जातो. दम्याच्या रुग्णाला गार हवेनेच श्वासनलिका आखडण्याचा त्रास असतो, वर हा धूर.

आणि दुसरं, जे मला प्रत्येकाला हात जोडून सांगावंसं वाटतं. बंद गॅरेजमध्ये, शटर खाली ओढून, किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, माणसाला वाटतं थंडी बाधली. मग झोप येते. आपल्याकडे दर हिवाळ्यात बंद खोलीत सिगडी पेटवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात, ते याच वायूने. शटर अर्धं उघडं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गाडी आधी बाहेर काढा, मग काय ते करा.

डीडी_नगर | १०:१०

डॉक्टर, आमच्या इमारतीत तळघरातच सगळे सकाळी गाड्या सुरू करून वर पेपर आणायला जातात. तुमचा हा परिच्छेद छापून लिफ्टजवळ लावू का?

सिगडी_नको | १०:१४

जरूर लावा. आजच लावा.

बहोडापूर_ट्रान्सपोर्ट | ११:३०

ट्रकवाल्यांची बाजू कुणीतरी मांडली पाहिजे. आम्ही सकाळी दहा मिनिटं गाडी चालू ठेवतो त्यावरून लोक बोलतात. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. रात्रभर उभ्या गाडीच्या टाकीतली हवा उतरलेली असते. कम्प्रेसर इंजिनवर चालतो, त्यामुळे इंजिन चालवल्याशिवाय हवा भरत नाही, आणि हवा भरल्याशिवाय हँडब्रेकच सुटत नाही. काटा जागेवर येईपर्यंत थांबणं आमच्यासाठी सक्तीचं आहे. ते बघून कारवाल्यांनी नक्कल करू नये, कारचे ब्रेक वेगळे.

डिझेल कार वापरणाऱ्यांना एक सांगतो. चावी फिरवल्यावर स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो तो हीटर प्लगचा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ते पेटतं. गार सिलिंडरमध्ये ती उष्णता कमी पडते, म्हणून प्लग आधी तापू द्यावे लागतात. दिवा विझला की मगच सेल्फ. हे तीन-चार सेकंद थांबणं खऱ्या कामाचं.

लडाखची_आस | ११:५२

डिझेल थंडीत गोठतं असं ऐकलंय. ग्वाल्हेरला भीती आहे का?

बहोडापूर_ट्रान्सपोर्ट | दुपारी १२:२०

नाही. डिझेलमध्ये मेण असतं, ते फार थंडीत कणाकणाने जमतं आणि फिल्टर बसतो. पण हिवाळ्यात पंपावर येणारं डिझेल त्या हिशेबानेच बनवलेलं असतं आणि आपली थंडी त्याला जड नाही. लेहला गोष्ट वेगळी. तिथे उणे तीसपर्यंत पारा जातो. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये खास लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल काढलं, पानिपतच्या रिफायनरीतून जातं ते. त्याआधी वर गेलेले ड्रायव्हर टाकीखाली स्टोव्ह पेटवायचे. तसलं धाडस कुणी करू नये.

टर्बो_तात्या | १:१५

हल्ली छोट्या पेट्रोल गाड्यांनाही टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असतो. त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्यांना तेलकट_हात यांचं सांगणं दुप्पट लागू: अर्ध्या मिनिटात निघा, पण इंजिन पूर्ण तापेपर्यंत पाय दाबू नका. हायवेवरून दामटत आलात तर बंद करण्याआधी मिनिटभर चालू राहू द्या. बहुतेक लोक सकाळी दहा मिनिटं देतात आणि संध्याकाळी दहा सेकंदही नाही. उलट करायला हवं.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर उभी गाडी टाळावीच. त्यांच्या नळीत काजळी धरणारी जाळी असते, ती काजळी जाळायला साधारण सहाशे अंशांची उष्णता लागते. उभ्या गाडीत आणि दूध-भाजीच्या फेऱ्यांत ती उष्णता मिळत नाही, जाळी भरते आणि मग वर्कशॉपचं बिल येतं.

सीएनजीवाली_मोरार | १:४०

माझी गाडी सकाळी थोडा वेळ पेट्रोलवरच चालते आणि मग आपोआप सीएनजीवर जाते. हा बिघाड आहे का?

तेलकट_हात | १:५५

बिघाड नाही ताई. सिलिंडरमधला गॅस फार दाबाखाली असतो, तो दाब उतरताना गॅस एकदम गार होतो. दाब उतरवणाऱ्या रेड्यूसरला गरम कुलंटची ऊब मिळाल्याशिवाय तो नीट काम करत नाही, म्हणून कुलंट ठरावीक तापेपर्यंत गाडी पेट्रोलवर राहते. त्यासाठी टाकीत पेट्रोल असू द्या. हिवाळ्यात पेट्रोलचा काटा लाल रेषेवर ठेवून फिरणं बरं नाही.

मांजरांची_आत्या | २:३०

विषय इंजिनचा आहे म्हणून एक कळकळीची विनंती. थंडीत मांजरं आणि त्यांची पिल्लं ऊब शोधत बोनेटच्या आत किंवा चाकावर चढून बसतात. सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा, थोडं थांबा, खाली वाकून बघा. पट्ट्यात अडकलेलं पिल्लू मी पाहिलं आहे, पुन्हा बघायची ताकद नाही.

थाटीपूरची_सून | २:४१

आत्या, आजपासून नेमाने करेन.

पैपैचा_हिशेब | ४:०५

पेट्रोलचं कुणी बोललं नाही. छोटी पेट्रोल गाडी उभ्या-उभ्या तासाला साधारण पाऊण लिटर पिते, गार असताना थोडं जास्तच. दहा मिनिटांचे सव्वाशे मिली धरा. महिन्याला पंचवीस दिवस म्हणजे तीन लिटर. शंभरीपार भाव आहे, म्हणजे तीनशेच्या वर रुपये एकही किलोमीटर न चालता गेले. थंडीत गाडीचं अॅव्हरेज तसंही पडतं. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांप्रमाणे २५ अंशांऐवजी उणे ७ अंशांत शहरातलं अॅव्हरेज सुमारे १५ टक्क्यांनी घसरतं, अगदी छोट्या फेऱ्यांत २४ पर्यंत. आपली थंडी तेवढी नाही, पण दिशा तीच. तेही अर्ध्या मिनिटात हळू निघा असंच सांगतात.

कंपूवाला | ४:३०

तीनशे रुपये म्हणजे मेळ्यातली गजक आणि वर चाट. हा हिशेब मला पटला.

पेशव्यांची_पेठ | ४:३८

हा मेळा काय आहे? सगळे मेळ्यात गाडी घेतली म्हणतात.

जुना_फियाटवाला | ५:१०

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा. माधवराव महाराजांनी १९०५ मध्ये सुरू केला. आधी जनावरांचा बाजार भरायचा, पुढे सगळ्याच वस्तूंचा झाला. अलीकडे त्यात गाड्यांची मोठी विक्री होते, कारण सरकारने मेळ्यातल्या खरेदीवर रोड टॅक्समध्ये पन्नास टक्के सूट जाहीर केली की भोपाळ-इंदूरहून लोक इथे गाडी घ्यायला येतात. त्यामुळे अर्ध्या गावाच्या गाडीचा वाढदिवस ऐन थंडीतच असतो.

नवा_ड्रायव्हर | ६:२०

सायलेन्सरमधून सकाळी पांढरा धूर येतो आणि पाणी टपकतं. मिस्त्री म्हणतो इंजिन खोलावं लागेल. खरं का?

तेलकट_हात | ६:४५

अजिबात घाई करू नका. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होतेच. गार नळीत तिचं पाणी होतं आणि गार हवेत ती पांढरी दिसते. गाडी तापल्यावर ती नाहीशी होत असेल तर काहीच झालेलं नाही. काळजी कधी करायची? इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर राहत असेल आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) बघून घ्या. निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर पेट्रोल किंवा डिझेल जास्त जातंय. तुमची वाफ फूलबागेपर्यंत थांबते का ते बघा आणि इथे कळवा.

बॅटरी_बैठी | रात्री ८:००

माझी गाडी सकाळी टक-टक करते, सेल्फ घेत नाही. बॅटरी जुनी आहे. जास्त वेळ चालू ठेवली तर चार्ज होईल ना?

तेलकट_हात | ८:१८

उभ्या गाडीत फारशी होत नाही. थंडीत बॅटरीची ताकद उतरते, शून्य अंशाला चांगली बॅटरीसुद्धा पाचवा हिस्सा गमावते, आणि घट्ट ऑइलमुळे सेल्फला जोर जास्त लावावा लागतो. रात्री बंद करण्याआधी दिवे, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर बंद करा. सकाळी क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा, गिअरबॉक्सचं ओझं कमी होतं. दहा सेकंदांहून जास्त एका दमात मारू नका, मध्ये थांबा. आठवड्यातून एकदा झांसी रोडवर चांगली लांब फेरी मारा. एवढं करूनही टक-टक राहिली तर तपासून बदला, सकाळी सातला धुक्यात अडकण्यापेक्षा ते बरं.

आणि टायरची हवाही बघा. तापमान पाच-सहा अंश उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होते. ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत पुरत नाही.

वीजगाडी | ८:४०

इलेक्ट्रिक गाडीला हे काहीच लागत नाही ना?

टर्बो_तात्या | ८:५५

इंजिन नाही म्हणून इंजिनची चिंता नाही. पण गार बॅटरी कमी अंतर देते, आणि पाय काढल्यावर ब्रेकमधून परत मिळणारी वीजही गाडी गार असताना कमी मिळते. ज्या गाडीत सोय असेल तिथे चार्जर लावलेला असतानाच केबिन गरम करून घ्या, म्हणजे ती वीज भिंतीतून येते.

मृण्मयी_लष्कर | ११ जानेवारी, रात्री ९:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. उणे ३५ चा आकडा त्यांनी दोनदा वाचायला लावला, मग स्वतः डब्यावरचा नंबर बघून आले. डॉक्टरांचा प्रतिसाद झाल्यावर काही न बोलता काकूंकडे जाऊन आले.

आज सकाळी ते माझ्या आधी खाली गेलेच, पण काच पुसायला. मी बसल्यावर सेल्फ मारला, काच धुरकट झाली नव्हती, लगेच निघाले. गोला का मंदिरपर्यंत हळू नेली. काटा आपोआप वर आला आणि हीटरची गरम हवा रोजच्यापेक्षा लवकर लागली. बाबांनी एक अट घातली आहे: पारा शून्याखाली गेला तर पुन्हा चर्चा करायची. मी हो म्हटलंय.

जुना_फियाटवाला | ९:४०

बाबांना माझा नमस्कार सांग. अट योग्य आहे. त्यांना हेही सांग की कार्ब्युरेटरची गाडी अजून ज्यांच्याकडे आहे त्यांनी चोक आणि पाच मिनिटं सोडू नयेत. माझी अजून आहे आणि मी सोडणार नाही.

तेलकट_हात | ९:४८

काका, तुमच्या गाडीला तेच बरोबर. फक्त उघड्यावर काढून.

दाणाओळी | १०:१५

थोडा उशिरा आलो. माझ्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिलंय. आमचा मिस्त्री म्हणतो थंडीत घट्टच बरं, २०डब्ल्यू-५० घालून देतो. घालू का?

तेलकट_हात | १०:३०

नका घालू. पुस्तिकेतलंच घाला. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात बेअरिंगमधली फट बारीक असते, ऑइल पंपही त्या हिशेबाचा. तिथे २०डब्ल्यू-५० घातलं तर थंडीत वरच्या भागात ऑइल पोचायला वेळ लागेल, सेल्फला जड जाईल आणि अॅव्हरेजही पडेल. वॉरंटी चालू असेल तर तीही अडचणीत येते.

दाणाओळी | १०:३४

वॉरंटी चालू आहे. बाहेरून डबा आणून दिला तर चालतो का?

तेलकट_हात | १०:४१

ग्रेड आणि पुस्तिकेत लिहिलेला एपीआय, म्हणजे ऑइलच्या गुणवत्तेचा, दर्जा जुळत असेल तर ऑइल म्हणून चालतो, पण वॉरंटीत काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या आणि बिलावर ऑइलची ग्रेड लिहून मागा. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा.